फिलिपिनो शिकवणाऱ्या शिक्षकांना आणि त्यांच्या शिक्षण विभागाला खुले पत्र

फिलिपिन्सच्या माध्यमिक शाळांत फिलिपिनो शिकवणाऱ्या सर्व शिक्षकांना,
आणि त्यांच्या वर्गात कोणतं साहित्य पोचावं हे ठरवणाऱ्या शिक्षण विभागातील अधिकाऱ्यांना,

सप्रेम नमस्कार.

मी दावावमध्ये राहणारी मराठी शिक्षिका. मुंबईत इंग्रजी माध्यमाच्या शाळेत बरीच वर्षं नववी-दहावीला मराठी शिकवलं. माझ्या वर्गातल्या बहुतेक मुलांच्या घरी मराठी नव्हती. पुढे नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही इथे आलो. आता शेजारपाजारची सातवी ते दहावीची मुलं संध्याकाळी फिलिपिनोचा अभ्यास घेऊन माझ्या ओट्यावर बसतात. त्यांच्या वह्या, त्यांना शाळेतून मिळणारी पानं आणि त्यांचे पेपर मी रोज बघते. त्यातून जे दिसलं ते तुमच्यापुढे ठेवावं म्हणून हे पत्र.

पत्र मराठीत लिहिलं आहे, कारण शिकवण्याबद्दलचा माझा सगळा विचार मराठीतच झालेला आहे. इंग्रजी तर्जुमा तुमच्या कार्यालयाकडे वेगळा पाठवते आहे. मराठीत ते प्रसिद्ध करण्यालाही कारण आहे. महाराष्ट्रात 2020 च्या कायद्याने सगळ्या मंडळांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी अनिवार्य झाली. घरी वेगळी भाषा बोलणाऱ्या मुलाला राज्याची भाषा कशी शिकवायची, हा प्रश्न आमच्या शिक्षकांपुढेही रोज उभा असतो. त्यांनीही हे वाचावं असं वाटतं.

माझं म्हणणं एकच आहे. माध्यमिक वर्गांसाठी फिलिपिनोचं जे पूरक साहित्य माझ्या पाहण्यात आलं, ते जवळजवळ सगळं घरी तागालोग बोलणारं मूल डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेलं आहे. आणि त्या साहित्याची सगळ्यात जास्त गरज ज्या मुलाला आहे, त्याच्या घरी तागालोग नाही.

तुमच्या 2020 च्या जनगणनेत दहापैकी जेमतेम चार घरांनी आपली घरातली भाषा तागालोग असल्याचं सांगितलं. बाकीच्या घरांत बिसाया आहे, हिलिगायनोन आहे, इलोकानो आहे, बिकोल आहे, वाराय आहे, आणि डोंगरांतल्या नि लहान बेटांवरच्या कितीतरी भाषा आहेत. 30 डिसेंबर 1937 ला तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष केसोन यांनी तागालोगच्या पायावर राष्ट्रभाषा उभी करायची घोषणा केली. 1959 मध्ये तिला पिलिपिनो म्हटलं जाऊ लागलं आणि 1987 च्या संविधानाने फिलिपिनो हे नाव कायम केलं. त्याच संविधानात असंही लिहिलं आहे की ही भाषा देशातल्या इतर भाषांच्या आधाराने समृद्ध व्हावी. मला हे कलम फार मोलाचं वाटतं. पण वर्गात वाटल्या जाणाऱ्या पानावर इतर भाषांचा मागमूसही नसतो.

एक उदाहरण सांगते. माझ्याकडे येणारी एक मुलगी आठवीत आहे, घरी बिसाया. आठवीला तुमच्याकडे वर्षानुवर्षं बालागतास यांचं 1838 चं दीर्घकाव्य शिकवलं जातं. बारा अक्षरांची ओळ, चार ओळींचं कडवं, अरण्यात झाडाला बांधलेला नायक आणि त्याला सोडवणारा परधर्मातला राजपुत्र. काव्य थोर आहे, ते मुलांनी वाचायलाच हवं, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तिला पूरक म्हणून एक पान मिळालं होतं. डावीकडे काव्यातले दहा जुने शब्द, उजवीकडे त्यांचे अर्थ, जोड्या लावा. अर्थही तागालोगमध्येच. मनिलातल्या मुलाला डावीकडचा शब्द अडतो, पण उजवीकडचा वाचला की त्याला काहीतरी उमजतं. या मुलीला दोन्ही बाजूंचे शब्द सारखेच अनोळखी होते. तिने बाकावरच्या मैत्रिणीचं बघून रेघा मारल्या. पानाला दहापैकी नऊ गुण मिळाले, शिक्षिकेने खाली शाबासकी लिहिली. मी तिला त्या काव्यातलं एक कडवं वाचून त्यात काय चाललंय ते विचारलं, तर तिला नायक झाडाला बांधलेला आहे हेही कळलं नव्हतं.

शिक्षिकेचा यात दोष नाही. तिच्या वर्गात मुलांची गर्दी आहे, आणि वरून आलेलं पान तिने वाटलं. दोष त्या पानाचा आहे. ते अक्षरशः कोणाही मुलासाठी नव्हतं. ज्याला तागालोग येते त्याला त्यातून फारसं नवं मिळत नव्हतं, आणि ज्याला येत नाही त्याला काहीच मिळत नव्हतं.

आता व्याकरणाचं बघा. दावावच्या मुलांच्या निबंधात लाल रेघा सगळ्यात जास्त क्रियापदांखाली असतात. 'आम्ही जेवणार' हे लिहिताना मूल 'मागकाइन' असं रूप लिहितं, शाळेला हवं असतं 'काकाइन'. मुलाचं काय होतं ते नीट पाहिलं की लक्षात येतं, यात निष्काळजीपणा अजिबात नाही. फिलिपिनोत धातूचा पहिला भाग दुप्पट करून क्रिया अजून पुरी झालेली नाही हे दाखवतात: 'काकाइन' म्हणजे जेवणार, 'कुमाकाइन' म्हणजे जेवतो आहे, आणि 'कुमाइन' म्हणजे जेवला. बिसायात काळ दाखवायला अशी द्विरुक्ती करत नाहीत. तिथे धातूच्या आधी प्रत्यय लागला की काम झालं, 'मोकाओन' जेवणार, 'निकाओन' जेवला. मूल बिसायाचा साचा घेतं आणि त्यात फिलिपिनोचा धातू बसवतं. त्याने नियम पाळलेला आहे, फक्त तो घरच्या भाषेचा आहे. दावाव शहरात तर 'मागकाइन' बाजारात, जीपनीत (इथल्या प्रवासी गाडीत), घरात सर्रास ऐकू येतं, मोठी माणसंही बोलतात. त्या बोलीला कमी लेखायचं मला कारण दिसत नाही. पण शाळेच्या पेपरात मुलाला प्रमाण रूप लिहावं लागतं, आणि तो फरक त्याला कोणीतरी समजावून सांगायला हवा.

या विषयावरची म्हणून मिळालेली पूरक पानं मी गोळा केली. सगळ्यांत गाळलेल्या जागा. कंसातल्या क्रियापदाचं योग्य रूप लिहा, वीस वाक्यं. पुढच्या पानावर आणखी वीस. मूल चाळीस वेळा तेच चुकतं आणि चाळीस वेळा लाल रेघ बघतं. मी एका कागदावर दोन रकाने आखले, एकीकडे बिसाया, एकीकडे फिलिपिनो, आणि मुलांनाच दोन्हीकडची रूपं भरायला लावली. फिलिपिनोच्या रकान्यात दुप्पट झालेला भाग त्यांनी रंगीत पेन्सिलीने गोल केला. सातवीतला एक मुलगा बराच वेळ कागदाकडे बघत बसला आणि म्हणाला, म्हणजे मी आतापर्यंत बिसायाच लिहीत होतो. तिथून पुढे त्याच्या चुका एकदम थांबल्या नाहीत. पण तो लिहिता लिहिता थांबून स्वतःच दुरुस्ती करायला लागला. माझ्या मते भाषा येऊ लागल्याची ही खरी खूण.

हे मला मुंबईच्या वर्गातून ठाऊक होतं. तिथे हिंदी घरातलं मूल हमखास 'तो पुस्तक' आणि 'माझा घर' लिहायचं, कारण हिंदीत नपुंसकलिंग नाही. गुजराती घरातल्या मुलाला मात्र ते लिंग अडायचं नाही, गुजरातीत तिन्ही लिंगं आहेत. त्याच्या अडचणी दुसऱ्याच. दोघं एका बाकावर बसायची, पण लिंगाच्या सरावाचा एकच कागद दोघांना दिला तर एकाचा वेळ फुकट जायचा. कोणतं मूल कुठून येतंय ते कळल्याशिवाय त्याला कोणता कागद द्यायचा हे ठरवता येत नाही.

महाराष्ट्रात दहावीला मराठीची वेगवेगळी पाठ्यपुस्तकं आहेत. प्रथम भाषेसाठी 'कुमारभारती', द्वितीय-तृतीय भाषेसाठी 'अक्षरभारती'. ही व्यवस्था आदर्श आहे असं मी म्हणणार नाही. दुसरी भाषा म्हणून शिकवण्याची पद्धत त्या दुसऱ्या पुस्तकात पुरती उतरलेली नाही, पुष्कळदा पाठच तेवढे सोपे निवडलेले असतात. तरी निदान एवढं मान्य झालेलं आहे की दोन प्रकारची मुलं आहेत आणि त्यांची गरज वेगळी आहे. तुमच्याकडे राष्ट्रभाषेचा अभ्यासक्रम एकच. मनिला, सेबू, इलोकोस, दावाव, सगळीकडे तोच. त्यामागची भावना मला समजते. इतक्या बेटांचा देश एका भाषेने जोडायचा म्हणजे पुस्तक एकच असावं असं वाटणारच. पुस्तक वेगळं करा असं मी सुचवतही नाही. पण पूरक साहित्याला ती सक्ती नाही. मुख्य पुस्तकाला जे करता येत नाही ते करण्यासाठीच तर पूरक साहित्य असतं. पुस्तक देशाचं असू द्या, त्याच्याबरोबर जाणारी पानं प्रांताप्रांताची असायला हवीत.

यावर कोणी म्हणेल, आधी पुस्तकं तरी पोचू देत. ते खरंच आहे. तुमच्या संसदेने नेमलेल्या दुसऱ्या शिक्षण आयोगाने 2024 च्या आपल्या अहवालात लिहिलं आहे की 2012 पासून पहिली ते दहावीसाठी मिळून फक्त 27 पाठ्यपुस्तकांची खरेदी झाली. वाचून मन सुन्न होतं. पण त्याचाच अर्थ असा की कितीतरी वर्गांत पूरक म्हणून छापलेलं पान हेच मुलाच्या हातातलं एकमेव पान असतं. पुस्तक नसताना मुलं त्याच पानावर शिकतात, परीक्षाही त्याच पानावर देतात. मग ते पान कसंही करून चालत नाही.

करोनाच्या काळात तुम्ही किती मोठं काम उचललं होतं ते मी विसरलेली नाही. ऑक्टोबर 2020 मध्ये शाळा उघडल्या त्या घरात, छापील मॉड्यूलवर. आईवडील शाळेत येऊन गठ्ठे घेऊन जायचे आणि भरलेले परत आणून द्यायचे. एवढ्या बेटांवर, वीज आणि इंटरनेटची खात्री नसताना, मुलांच्या हातात काहीतरी पोचलं हे सोपं नव्हतं. पण त्या मॉड्यूलची सवय अजून सुटलेली नाही. छोटा उतारा, खाली पाच प्रश्न, शेवटच्या पानावर उत्तरसूची. घरी एकटं बसलेल्या मुलासाठी ती रचना तेव्हा नाइलाजाने आली. आज शिक्षिका समोर उभी आहे, बाजूला तीस-चाळीस मुलं आहेत, एकमेकांशी बोलता येतं, वाद घालता येतो, मोठ्याने वाचता येतं. आजच्या पूरक साहित्यात बोलायला लावणारं काही का नसावं? फिलिपिनो ही घरी न बोलली जाणारी भाषा असेल तर ती बोलण्याची जागा वर्गच आहे.

आणि वाचण्याचं म्हणाल तर माझं मत ठाम आहे. मुलं पुरेसं वाचत नाहीत, कारण त्यांना झेपेल असं आणि वाचावंसं वाटेल असं फिलिपिनोत त्यांच्या हातात पडत नाही. पहिली-दुसरीच्या मुलांसाठी तुमच्याकडे सुंदर गोष्टींची पुस्तकं आहेत. सातवीपासून मात्र मूल थेट अभिजात ग्रंथांवर जाऊन पडतं. सातवीत अदार्ना पक्ष्याची पद्यकथा, आठवीत बालागतास, नववीत आणि दहावीत तुमचे राष्ट्रनायक होसे रिझाल यांच्या दोन कादंबऱ्या, असा क्रम तुमच्या शाळांत मुरलेला आहे. अदार्नाची कथा तर कोणाही मुलाला खिळवून ठेवेल. पक्ष्याच्या सात गाण्यांनी झोप येऊ नये म्हणून राजपुत्र स्वतःचा तळहात कापतो आणि जखमेवर लिंबू पिळतो. हे ऐकून माझ्याकडची मुलं अंगावर काटा आल्यासारखं करतात. पण ती गोष्ट मी त्यांना बिसाया आणि इंग्रजीत सांगते तेव्हा. पुस्तकातलं पद्य त्यांना अक्षर लावत वाचावं लागतं, दुसऱ्या कडव्याला दम संपतो. गोष्टीचा आनंद आणि भाषा यांची गाठच पडत नाही.

मधल्या पायऱ्या हव्यात. वीस-पंचवीस पानांच्या लहान गोष्टी, सोप्या फिलिपिनोत, तेरा-चौदा वर्षांच्या मुलांच्या वयाला शोभतील अशा विषयांवर. भाषा सोपी म्हणून विषय बालिश नसावा, हे फार महत्त्वाचं आहे. आठवीतल्या मुलाला ससा आणि कासवाची गोष्ट दिली की त्याचा अपमान होतो. त्याला परदेशी कामाला गेलेल्या आईबद्दल, मोबाइलवरून झालेल्या भांडणाबद्दल, वादळात वाहून गेलेल्या घराबद्दल वाचायचं असतं. गोष्ट कोताबातोत किंवा सामारमध्ये घडणारी असावी. अडणाऱ्या शब्दांचा अर्थ त्याच पानाच्या कडेला, त्या प्रांताच्या भाषेत. दावावसाठीच्या प्रतीत बिसायात, इलोकोससाठीच्या प्रतीत इलोकानोत. गोष्ट एकच, कडेचे शब्द तेवढे बदलायचे. याने खर्च फार वाढत नाही.

कडेचे शब्द प्रांतातल्या शिक्षकांनीच ठरवायला हवेत, मनिलात बसून ते जमणार नाही. साधी गोष्ट, 'लांगगाम' हा शब्द फिलिपिनोत मुंगीसाठी आहे आणि बिसायात पक्ष्यासाठी. पक्ष्याची कथा शिकणाऱ्या मुलाच्या पानावर हा शब्द आला तर काय घोटाळा होईल ते दावावची शिक्षिका चटकन सांगेल. पाम्पांगातल्या शिक्षिकेकडे अशीच वेगळी यादी निघेल. या याद्या आज प्रत्येकीच्या डोक्यात आहेत, कागदावर कुठेच नाहीत.

तुमच्या देशात हे पूर्वी घडलेलं आहे. 'लिवायवाय' हे तागालोग साप्ताहिक 1922 मध्ये निघालं. पाठोपाठ 1930 मध्ये 'बिसाया', आणि 1934 मध्ये 'हिलिगायनोन' आणि इलोकानोतलं 'बान्नावाग' सुरू झालं. गोष्टी, क्रमशः कादंबऱ्या, पुढे चित्रकथा. दुकानाबाहेर दोरीवर टांगलेली कॉमिक्स भाड्याने घेऊन वाचणारी पिढी आज साठीच्या पुढे आहे. माझ्या शेजारच्या आजी जन्मभर दावावमध्ये राहिल्या, शाळा सहावीत सुटली, आणि त्यांचं फिलिपिनो नातवापेक्षा चांगलं आहे. कुठे शिकलात विचारलं तर म्हणतात कॉमिक्सवर. त्या साहित्याला कोणी पूरक म्हटलं नव्हतं. पुढच्या अंकात काय होणार या ओढीने लोक वाचत गेले आणि भाषा येत गेली.

आजची मुलं मोबाइलवर वॅटपॅडच्या गोष्टी वाचतातच. अर्धं फिलिपिनो, अर्धं इंग्रजी, प्रेमकथा, श्रीमंत मुलगा, गरीब मुलगी. शिक्षकांना त्या आवडत नाहीत, मलाही सगळ्या आवडत नाहीत. पण शाळेचं दीड पान वाचायला कंटाळणारी मुलगी रात्री जागून तिथली शंभर पानं वाचते, हे आपण नजरेआड करू नये. तिला तिच्या आवडीच्या गोष्टीतलं एक पान वर्गात आणू द्या. त्यातलं इंग्रजी मिसळलेलं संभाषण शुद्ध फिलिपिनोत लिहायला सांगा, मग तेच आजी-आजोबांशी बोलल्यासारखं आदरार्थी रूपात. एका पानावर तासभर काम होतं आणि मूल आपणहून बोलतं. 2022 मध्ये रिझालच्या कादंबरीवर दूरदर्शन मालिका आली, आजच्या काळातली नर्सिंग शिकणारी मुलगी त्या कादंबरीत जाऊन पोचते अशी कल्पना होती. मुलं घरी बसून त्या पात्रांबद्दल हुज्जत घालत होती. रिझालने ती कादंबरी स्पॅनिशमध्ये लिहिली आणि 1887 मध्ये बर्लिनला छापली. तुमची मुलं जे वाचतात तो अनुवादच आहे. मग नववीतल्या बिसाया मुलासाठी प्रत्येक पाच प्रकरणांआधी दोन पानांचं सोप्या फिलिपिनोतलं कथन दिलं, तर रिझालचा मान कुठे कमी होतो? त्या दोन पानांवरून मूल मूळ प्रकरणापर्यंत पोचेल.

एक मुद्दा वेळेचा आहे, आणि तो मला सगळ्यात जास्त खुपतो. आज तुमच्या सातवी ते दहावीत असलेली मुलं पहिली ते तिसरीत आपापल्या मातृभाषेत शिकलेली आहेत. म्हणजे माझ्याकडच्या मुलांना बिसाया नुसती बोलता येत नाही, वाचता-लिहिताही येते. दोन रकान्यांचा कागद म्हणूनच चालला. ऑक्टोबर 2024 मध्ये कायदा बदलला, खालच्या वर्गांत मातृभाषा हे माध्यम राहिलं नाही, प्रांतिक भाषांना मदतीची जागा मिळाली. त्या कायद्याच्या बऱ्यावाईटाची चर्चा इथे करत नाही. पण आणखी काही वर्षांनी सातवीत येणारं मूल बिसाया लिहिण्याचा सराव न करताच येईल. घरच्या भाषेचा हात धरून फिलिपिनोकडे नेण्याची जी सोय आज आहे, ती तेव्हा एवढी सोपी नसेल. मदतीची भाषा असं कायद्यातच म्हटलं आहे, तर ती मदत माध्यमिक वर्गातल्या पूरक पानावर आजच दिसू द्या.

आंतरराष्ट्रीय चाचणीच्या निकालांचा इथे नेहमी उल्लेख होतो. 'पिसा'मध्ये वाचनात तुमच्या मुलांची सरासरी 2018 मध्ये 340 आणि 2022 मध्ये 347 होती. आकडे वाईट आहेत. पण ती चाचणी मुलांनी इंग्रजीत दिली. त्यावरून त्यांच्या फिलिपिनोबद्दल निदान करणं बरोबर नाही. त्यासाठी तुमच्याकडे वाचनाची स्वतःची चाचणी आहे, शिक्षक एकेका मुलाला समोर बसवून उतारा वाचून घेतो आणि चुका टिपतो. ही पद्धत मला मनापासून आवडते. एवढंच सुचवते की चुका टिपताना त्यांचे दोन गट करा. बिसायात ए आणि इ, ओ आणि उ हे स्वर सहज एकमेकांच्या जागी येतात. मुलाने 'ओ'च्या जागी 'उ' वाचला, पण त्याला वाक्याचा अर्थ बरोबर सांगता आला, तर त्याला वाचता येतंय. ज्याने शब्दच सोडून दिला किंवा अंदाजाने दुसराच वाचला, त्याची अडचण निराळी. आज दोघांची गणना एकाच रकान्यात होते आणि दोघांना एकच पान मिळतं.

हे सगळं करायचं कोणी, असा प्रश्न येणारच, आणि तो अत्यंत रास्त आहे. जानेवारी 2024 मध्ये शिक्षकांवरची कार्यालयीन कामं कमी करण्याचा आदेश निघाला, हे चांगलं झालं. शुक्रवारचा अर्धा दिवस वाचनाला राखून ठेवण्याचा निर्णयही त्याच सुमारास झाला, आणि त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये मागे पडलेल्या मुलांच्या शिकवणीसाठी कायदा आला. वेळ आणि माणसं यांची सोय कागदावर तरी झाली आहे. अशा वाचनाच्या वेळी आणि त्या शिकवणीत मुलाच्या हातात काय द्यायचं, हे मात्र शिक्षकावर सोडलेलं दिसतं. शिक्षिका रात्री जागून पान तयार करते, सकाळी शाळेबाहेर स्वतःच्या पैशाने झेरॉक्स काढते. ज्याला तुम्ही खडूचा भत्ता म्हणता तो आता नव्या कायद्याने वर्षाला 10,000 पेसो झाला आहे. पण चार-पाच वर्गांच्या झेरॉक्सना तो किती दिवस पुरणार? मंजूर झालेल्या पूरक पानांची छपाई शाळेच्या चालू खर्चातून व्हावी, शिक्षकाच्या भत्त्यातून नाही. आणि ही पानं तुमच्या साहित्य-संकेतस्थळावर टाकताना बदल करता येतील अशा स्वरूपात टाका. बंद फाइल मिळाली की सेबूचं पान बुतुआनच्या शिक्षिकेला वापरता येत नाही, तिला सगळं पुन्हा टाइप करावं लागतं. पान कोणी लिहिलं त्या शिक्षिकेचं नाव खाली राहू द्या. स्पर्धेत बक्षीस मिळालेलं उत्तम साहित्य मी शाळेच्या कपाटात कुलपाआड पाहिलं आहे. ते मुलांनी हाताळून फाटायला हवं होतं.

ऑगस्टमध्ये भाषेचा महिना साजरा होतो. वक्तृत्व, घोषवाक्यं, पारंपरिक पोशाख, काव्यातला वादविवाद. त्यातला वादविवाद मला विशेष आवडतो, अशी जिवंत परंपरा शाळेत टिकली आहे याचा हेवा वाटतो. पण व्यासपीठावर दरवर्षी तीच चार-पाच मुलं दिसतात, जी आधीच छान बोलतात. या ऑगस्टमध्ये एक आठवडा बाकीच्या मुलांना द्या. त्यांनी घरच्या वडीलधाऱ्यांकडून एक गोष्ट बिसायात किंवा मानोबोत ऐकून यावी, वर्गात ती दोन-दोनच्या जोडीने फिलिपिनोत लिहावी, आणि शाळेने त्यांचं पुस्तक बांधून पुढच्या वर्षीच्या सातवीला वाचायला द्यावं. दुसऱ्या वर्षी तेच तुमचं पूरक साहित्य असेल, आणि त्यातलं एकही पान मनिलाहून मागवावं लागणार नाही.

घाई का, तेही सांगते. महाविद्यालयात फिलिपिनो विषय सक्तीचा ठेवण्याची गरज नाही, या निर्णयाला तुमच्या सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये मोकळी वाट दिली. तेव्हापासून कितीतरी मुलांसाठी शाळा ही फिलिपिनो शिकण्याची शेवटची जागा झाली आहे. दावावचं जे मूल शाळा संपेपर्यंत ही भाषा आत्मविश्वासाने लिहायला शिकलं नाही, त्याला पुढे ती कोणी शिकवणार नाही. सरकारी अर्ज, न्यायालयातलं बोलणं, मनिलातली नोकरीची मुलाखत, सगळीकडे ते आपल्या उच्चारांबद्दल लाजत राहतं. माझ्याकडे येणाऱ्या मुलांच्या तोंडी हे शब्द मी ऐकलेले आहेत, 'आमचं फिलिपिनो वाईट आहे'. आपल्याच देशाच्या राष्ट्रभाषेबद्दल मुलाने असं म्हणावं, याने मला फार वाईट वाटतं.

तेव्हा विनंती अशी की सुरुवात लहान करा. दावाव विभाग, इयत्ता सातवी, एक सत्र. क्रियापदांचे दोन रकान्यांचे कागद, कडेला बिसाया शब्द असलेल्या सहा लहान गोष्टी, त्या गोष्टींचं एखाद्या शिक्षिकेच्या आवाजातलं ध्वनिमुद्रण, आणि वर्गात बोलायला लावणारं दर आठवड्याला एक काम. सत्राच्या आधी आणि नंतर वाचनाची चाचणी घ्या, चुका दोन गटांत टिपा. उपयोग झाला तर इलोकोसला आणि बिकोलला आपापले कागद करू द्या. नाही झाला तर का नाही, ते शिक्षकांना विचारा.

मुलांनी केलेल्या चुकांच्या नोंदी मी वहीत लिहून ठेवल्या आहेत, बिसाया रूप, मुलाने लिहिलेलं रूप आणि प्रमाण रूप अशा क्रमाने. मुलांची नावं काढून ती वही कोणाही शिक्षकाला द्यायला मी तयार आहे. संध्याकाळी मुलं येतात तेव्हा कोणी प्रत्यक्ष येऊन बसलं तर त्याहून चांगलं. तुम्हाला जे पाच मिनिटांत दिसेल ते मला पत्रात लिहिता आलेलं नाही.

कळावे, लोभ असावा.

आपली,
दावावमधील एक मराठी शिक्षिका